हिरवा आधी, जांभळा नंतर

माझ्या बहिणीच्या मुलीला घरात सगळे मोती म्हणत. मोत्यासारखं अक्षर म्हणून मोती. हे नाव माणसांपेक्षा कुत्र्यांना जास्त ठेवतात हे त्या घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी ते बोलून दाखवलं तेव्हा बहिणीनं दोन आठवडे माझा फोन उचलला नाही.

मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. त्यामुळे सुंदर वह्यांविषयी माझं मत वाईट आहे. ज्याला गणित सुचतं त्याच्या वहीत खाडाखोड असते, बाण असतात, अर्धं पान सोडून दिलेलं असतं, एखाद्या कोपऱ्यात चहाचा डाग असतो. जिच्या वहीत यातलं काहीच नाही तिनं एक तर आधी कच्चं लिहून मग उतरवलंय किंवा मुळात विचारच केलेला नाही. मोतीच्या वहीत चार रंग असत. व्याख्या निळ्यात, उदाहरणं काळ्यात आणि सूत्रं हिरव्या-जांभळ्यात. प्रत्येक सूत्राभोवती पट्टीनं आखलेली दुहेरी चौकट आणि प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला एक वेल. डेरिव्हेटिव्हच्या धड्याला वेल कशाला लागते हे मला आजतागायत कळलेलं नाही.

याला कारण घरचा धंदाही होता. बहिणीचं स्टेशनरीचं आणि झेरॉक्सचं दुकान. खाली दुकान, वर दोन खोल्या. पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून तिच्या उशाशी पेनांची खोकी. काउंटरवर पेन चालतं का ते बघायला जो कागदाचा गठ्ठा ठेवतात, त्यावर इतर लोक रेघोट्या मारतात. ही चार वर्षांची असताना त्यावर सुबक अक्षरं काढायची. गिऱ्हाईक वाहवा करायचं. आई फुगायची. पुढची चौदा वर्षं त्या दोघींनी त्या वाहवेवर काढली. शाळेत जे पाठ केलं की भागतं ते तिनं पाठ केलं, सुवाच्य लिहिलं आणि वरचे नंबर मिळवले. शिक्षकांनाही तपासायला सोपं पडायचं. माझ्याच जातीचे लोक ते. त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मात्र डेरिव्हेटिव्ह आलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी दोन शब्दांत सांगते. एखादी गोष्ट बदलत असते, तर ती ठरावीक क्षणाला नेमक्या किती वेगानं बदलतेय, ते काढायचा हा प्रकार. आमच्या जुन्या पुस्तकात त्याला विकलन म्हणत. कल्पना एकच आहे, पण ती डोक्यात शिरायला वेळ लागतो. नियम मात्र पाच-सहा आहेत आणि ते एका दुपारी पाठ होतात. म्हणून बहुतेक जण नियम पाठ करतात आणि कल्पनेकडे पाठ फिरवतात.

त्यांना शिकवणाऱ्या सरांना पोरं वायपर म्हणत. उजव्या हातानं लिहायचे आणि डाव्या हातातल्या डस्टरनं मागोमाग पुसत यायचे. चौसष्ट पोरांच्या वर्गात ते लिहून घेण्याइतका वेग फक्त मोतीच्या हातात होता. समजून घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण लिहितानाच तिचा जीव मेटाकुटीला यायचा. घरी येऊन ती ते सगळं रंगात उतरवायची. मग वर्गातल्या एकीनं ती वही मागितली, मग दुसऱ्यानं, आणि बहिणीच्या चाणाक्ष डोक्यात प्रकाश पडला. महिन्याभरात दुकानाच्या दारावर पाटी लागली: गणिताच्या नोट्स मिळतील. रंगीत झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग, वर प्लास्टिकचं कव्हर. मुखपृष्ठावर वेल.

मी एकदा पंचिंग मशीनच्या कामासाठी दुकानात गेले होते. काउंटरवर डेरिव्हेटिव्हच्या नोट्सचा ताजा गठ्ठा होता, अजून कोमट. बहिणीनं वरची प्रत माझ्या हातात ठेवली आणि माझं तोंड बघत उभी राहिली. मी चार पानं उलटली, वेल बघितली, चौकटी बघितल्या, नाक मुरडलं आणि प्रत परत ठेवली. 'छान आहे, भिंतीवर लावा,' असं काहीतरी मी म्हणाले. मोती तिथेच कागद लावत होती. तिनं ऐकलं.

आता त्या गठ्ठ्यात काय होतं ते सांगते. दोन गोष्टींचा गुणाकार असेल तर त्याचं डेरिव्हेटिव्ह काढायचा एक नियम आहे. त्यात दोन तुकडे असतात आणि त्यांची बेरीज होते. बेरजेत कोणता तुकडा आधी, कोणता नंतर, यानं काही बिघडत नाही. मोतीनं हिरवा तुकडा आधी लिहिला, जांभळा नंतर. त्याच पानावर खाली भागाकाराचा नियम. त्यातही तेच दोन तुकडे, पण तिथे वजाबाकी असते, आणि वजाबाकीत कोण आधी यावर सगळं अवलंबून असतं. सरांनी फळ्यावर ते बरोबर, म्हणजे उलट क्रमानं लिहिलं होतं. मोतीच्या कच्च्या वहीतही ते बरोबर होतं. पण पक्क्या वहीत उतरवताना वरच्या चौकटीत हिरवा आधी आणि खालच्या चौकटीत जांभळा आधी, हे तिच्या डोळ्यांना खुपलं. तिनं खालच्या चौकटीतही हिरवा आधी केला. पान देखणं झालं. भागाकाराच्या प्रत्येक उत्तराचं चिन्ह उलटं झालं.

परीक्षेत चौसष्टपैकी एकेचाळीस पेपरांत तीच चूक आली. तपासणाऱ्याला वाटलं सामूहिक कॉपी. पण मुलं वेगवेगळ्या तीन खोल्यांत बसलेली, कोणाचा कोणाशी संबंध नाही. विभागप्रमुख बाईंनी एकेकाला बोलावलं. पहिल्यानंच सांगितलं, मोतीच्या नोट्समध्ये असंच आहे. दुसऱ्यानं तेच. पाचव्यानं तर पुरावा म्हणून स्पायरल बाइंडिंगची प्रतच टेबलावर ठेवली. एकेचाळीस जणांनी डोळे मिटून तो नियम घोकला होता आणि एकालाही कधी वाटलं नाही की पुस्तक उघडून पडताळावं. पुस्तक ग्रंथालयात होतं, फुकट होतं. पण त्यात वेल नव्हती.

मोतीला पन्नासपैकी अकरा गुण पडले. त्या चुकीनं तिचे सहा गेले होते. उरलेले तेहेतीस तिनं स्वतःच्या कर्तबगारीनं घालवले, कारण निम्मे प्रश्न वहीत नसलेले आले होते. वहीत नाही म्हणजे जगात नाही, अशी तिची समजूत होती.

निकालानंतर दोन दिवस दुकानासमोर पोरांची रांग लागली. सगळे प्रती परत घेऊन आले होते. ज्यांनी कधी एक ओळ स्वतःच्या हातानं लिहिली नव्हती ते आमची फसवणूक झाली म्हणून हात नाचवत होते. बहिणीनं पाटी उतरवली, उरलेला गठ्ठा टेबलाखाली सारला आणि मोतीला वर पाठवून दिलं. पाय जिन्यावर असतानाच खालून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, अक्षर मात्र चांगलं आहे हं. सगळे हसले. हे मला बहिणीनं सांगितलं. मोतीनं कधी त्याचा उल्लेख केला नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी दोघी माझ्या दारात. मोती आईच्या मागे, हातात नवी कोरी वही, खिशाला चार पेनं. बहीण बसायच्या आधीच सुरू झाली. वायपर कसा वाईट शिकवतो, पोरं कशी कृतघ्न आहेत, दहा आठवड्यांनी फेरपरीक्षा आहे, आणि ताई, तू एवढी वर्षं परक्यांच्या पोरांना शिकवलंस.

मी मोतीला विचारलं, डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय. तिनं व्याख्या म्हणून दाखवली. एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

"म्हणजे काय?" मी परत विचारलं.

तिनं तीच व्याख्या परत म्हटली, जरा सावकाश. समोरच्याला ऐकू आलं नसावं असं वाटून म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तशी.

मी चारही पेनं काढून बहिणीच्या पर्समध्ये टाकली. नवी वही परत केली. माझ्याकडे जुन्या उत्तरपत्रिकांचे पाठकोरे कागद आहेत, ते आणि एक पेन्सिल तिला दिली, खोडरबर दिलं नाही. बहिणीचा चेहरा असा झाला की जणू मी पोरीचे कपडेच उतरवून घेतलेत.

पहिल्या दिवशी मी तिला न्हाणीघरात नेलं. तळाशी अरुंद आणि वर पसरट अशी माझी एक बादली आहे. नळ एकसारखा सोडला, बादलीत फूटपट्टी उभी धरायला सांगितली आणि दर दहा सेकंदांनी पाणी कुठवर आलं ते लिहायला लावलं. सुरुवातीला पाणी भराभर चढतं, वर बादली पसरट होते तसं सावकाश. हे बघायला गणित लागत नाही, डोळे लागतात. मग मी आलेख काढ म्हणाले आणि चहा ठेवायला गेले. वीस मिनिटांनी परत आले तर तिनं बादली काढली होती. कडीसकट, छायेसकट. नळाच्या धारेत बारीक थेंबसुद्धा. आलेखाचे अक्ष अजून आखायचे होते.

मी तो कागद फाडला नाही, हे माझ्या सहनशक्तीचं प्रमाणपत्र समजावं.

आलेख झाल्यावर मी विचारलं, तिसाव्या सेकंदाला पाणी किती वेगानं चढत होतं. तिनं एकूण उंचीला एकूण वेळेनं भागलं. मी म्हटलं, हे सगळ्या बादलीचं झालं. मग तिनं तिसाव्यापासून चाळिसाव्यापर्यंतचा फरक घेऊन दहानं भागलं. हे दहा सेकंदांचं झालं, मी तिसाव्या सेकंदाचं विचारतेय. मग तिनं विचारलं, याचं सूत्र कोणतं.

तीन आठवडे हेच चाललं. मी प्रश्न विचारायचा, तिनं सूत्र मागायचं. एखाद्या गणितात अडली की ती पेन्सिल उचलून थांबायची, माझ्या तोंडाकडे बघायची आणि माझ्या भुवईवरून उत्तर ओळखायला बघायची. चुकायची तिला इतकी भीती की चुकीचं काही कागदावर येऊ नये म्हणून ती काहीच लिहायची नाही. एकदा तासाभरात तिनं कागदावर फक्त तारीख घातली. ती तारीख फार सुरेख होती. चौथ्या आठवड्यात माझा तोल गेला आणि मी तिला सांगितलं की तुझ्यात आणि तुझ्या आईच्या झेरॉक्स मशीनमध्ये एवढाच फरक आहे की मशीन कागद अडकल्यावर निदान दिवा तरी लावतं.

ती उठली, चप्पल घातली आणि गेली. आठ दिवस आली नाही. मला फार वाईट वाटलं असं म्हणणं खोटं ठरेल. मला वाटलं, सुटले.

नवव्या दिवशी दुपारी ती आली. एकटी. बसली नाही. तिनं सांगितलं ते असं: या आठ दिवसांत आईनं तिला पुस्तकावरून भागाकाराचं पान नव्यानं लिहायला लावलं होतं. चूक सुधारून नव्या प्रती काढायच्या, जुन्या आणतील त्यांना बदलून द्यायच्या, म्हणजे दुकानाची अब्रू राहील. तिनं लिहिलं. वर्गातली एक मुलगी पहिली प्रत घ्यायला आली. तिनं पान बघितलं आणि सरळ विचारलं, आता हे तरी बरोबर आहे का?

"मी हो म्हणाले," मोती म्हणाली. "पण मला माहीत नव्हतं. पुस्तकात आहे म्हणून हो म्हणाले. मागच्या वेळी वहीत होतं म्हणून हो म्हणाले असते. पुस्तकातलं बरोबर आहे हे मला कसं कळणार?"

एकतीस वर्षांत माझ्या हाताखालून काही हजार पोरं गेली. हा प्रश्न विचारणारी मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकते, आणि ही पोरगी त्यात बसेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी तिला बस म्हणाले. तोंडावर काही दाखवलं नाही.

आम्ही मुळापासून सुरू केलं. मी तिला म्हटलं, कोणताही नियम वापरायचा नाही, फक्त बादलीचं आठव. तिसाव्या सेकंदाचा वेग हवा तर दहा सेकंद फार झाले. मग काय करशील? ती म्हणाली, पाच घेईन. मग दोन. मग एक. मग अर्धा. बोलता बोलता ती थांबली, आणि मला दिसलं की ती पहिल्यांदा माझ्या भुवईकडे न बघता कागदाकडे बघतेय.

मग तिनं एक्सच्या वर्गाचं डेरिव्हेटिव्ह स्वतः काढलं. एक्स थोडासा वाढवायचा, त्या थोड्याशाला एच म्हणायचं, वर्ग किती वाढला ते काढायचं आणि एचनं भागायचं. दोन एक्स अधिक एच उरतं. मग एच शून्याकडे नेला की राहतात दोन एक्स. तिनं ते दोन दिवसांत केलं, कागदभर खाडाखोड करून. तिसऱ्या दिवशी ती कपाळाला आठ्या घालून आली.

"एचनं भागलं तेव्हा एच शून्य नव्हता. शून्यानं भागता येत नाही," ती म्हणाली. "आणि शेवटी एच शून्य आहे म्हणून टाकून दिला. दोन्ही कसं चालेल?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. एच शून्याच्या जवळ जातो, पोचत नाही. तिनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग उत्तर जवळजवळ दोन एक्स यायला हवं, बरोब्बर दोन एक्स कसं येतं? मी म्हणाले, परीक्षेत हे विचारत नाहीत.

ते वाक्य तोंडातून निघालं आणि मला माझीच शिसारी आली. ज्या मास्तरांना मी जन्मभर हसले त्यांचं हे वाक्य. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आरशात पुष्कळदा पाहिलंय. तिला माझी किंमत कळली होती.

मी चार दिवस जुनी पुस्तकं काढून बसले. काटेकोर व्याख्या मला येत होती, पाठ होती. होय, पाठ. ती साध्या शब्दांत कोणाला सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, कारण कोणी विचारलंच नव्हतं आणि कोणी विचारत नाही म्हणून मी पोरांना नावं ठेवत आले होते. पाचव्या दिवशी मी तिला सांगितलं, एच कधीच शून्य होत नाही. आपण तो टाकून देत नाही. आपण एवढंच विचारतो की एच लहान करत गेलं तर दोन एक्स अधिक एच हे नेमक्या कोणत्या आकड्याच्या हवं तितकं जवळ नेता येतं. तू म्हणशील तितकं जवळ. तो आकडा दोन एक्स. तिथे पोचलो असं कोणी म्हणत नाही. कुठे चाललोय ते फक्त सांगतो.

ती बराच वेळ कागदावर रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "दुसरा कुठलाही आकडा घेतला तर मध्ये फट राहील. आणि एच त्या फटीपेक्षा लहान घेतला की उघडं पडेल."

मी म्हणाले, तसंच.

त्यानंतर ती सुसाट सुटली असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. ती अजूनही बेरजेत चुकायची. साइन आणि कॉसची डेरिव्हेटिव्ह ती उलटसुलट करायची, आणि साखळीचा नियम म्हणजे एकात एक अडकलेल्या गोष्टी उलगडायचा नियम, तो तर ती तीनदा शिकली आणि तीनदा विसरली. बुद्धी बेताचीच होती. फक्त आता ती चुकल्यावर कागद पालथा घालत नव्हती.

फेरपरीक्षेला दोन आठवडे उरले तेव्हा आम्ही त्या भागाकाराच्या नियमाशी आलो. मी म्हटलं, पुस्तकातलं बरोबर आहे हे कसं कळणार असं विचारत होतीस ना, आता तूच बघ. ज्याचं उत्तर तुला आधीपासून ठाऊक आहे असा भागाकार घे आणि त्याला नियम लाव. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खालच्या रस्त्यावर कोणीतरी सायकलची चेन बसवत होतं, तिकडे बघत राहिली. मग येऊन तिनं लिहिलं: एक्सचा घन भागिले एक्स. म्हणजे एक्सचा वर्गच. त्याचं उत्तर दोन एक्स, हे तिनं स्वतःच्या हातानं काढलेलं होतं. पुस्तकातला नियम लावला. दोन एक्स आले. मग तिच्या नोट्समधला नियम लावला, हिरवा आधी, जांभळा नंतर. उणे दोन एक्स.

तिनं दोन्ही ओळींकडे बघितलं. अख्खी तपासणी अर्ध्या पानात मावली होती.

"एका मिनिटात कळलं असतं," ती म्हणाली.

"हो."

"मला. त्या एकेचाळीस जणांना." ती थांबली. "आणि तुलाही. गठ्ठा तुझ्यासमोर होता. तू वेल बघून प्रत खाली ठेवलीस."

हे खरं होतं. तिची चूक तिसऱ्या पानावर होती आणि मी चार पानं उलटली होती. वाचलं एकही नव्हतं. सुंदर आहे म्हणजे पोकळ आहे असं मी धरून चालले, जसं ती पोरं सुंदर आहे म्हणजे बरोबर आहे असं धरून चालली. दोघांनीही मजकूर वाचायची तसदी घेतली नाही. फरक एवढाच की पोरं अठरा वर्षांची होती आणि मला पेन्शन मिळत होती. मी तिला तसं सांगितलं. तिनं मान डोलावली आणि पुढचं गणित काढलं. माफी वगैरे मागायचा प्रसंग तिनं येऊ दिला नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं एक वेडेपणा केला. कॉलेजच्या कँटीनमध्ये वर्गातली पोरं बसली होती, तिथे ती तो पाठकोरा कागद घेऊन गेली आणि त्यांना एक्सच्या घनाची ती तपासणी दाखवायला लागली. पाठ करू नका, असं करून बघा, नियम खरा की खोटा ते तुमचं तुम्हाला कळेल. चार जणांनी ऐकून घेतलं. पाचव्यानं विचारलं, याची नीट झेरॉक्स मिळेल का, अक्षर लागत नाहीये. बाकीच्यांनी विचारलं, नव्या नोट्स कधी येणार.

ती माझ्याकडे आली तेव्हा संतापानं लाल झाली होती. मी तिला पाणी दिलं. जगात असे लोक बहुसंख्य आहेत आणि त्यांच्यावर माझं निम्मं आयुष्य गेलं हे तिला सांगितलं. घरी मात्र खरी लढाई झाली. बहिणीला नव्या नोट्स हव्या होत्या. गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि पोरगी लिहायला तयार नाही. मोतीनं ठाम सांगितलं, मी माझ्यापुरतं लिहीन, दुसऱ्यासाठी नाही. बहीण मला फोन करून म्हणाली, ताई, तू माझ्या मुलीचं अक्षर बिघडवलंस. ही माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी दाद आहे, पण ती देणारीला ते माहीत नव्हतं.

फेरपरीक्षेत मोतीला पन्नासपैकी तेहेतीस पडले. वर्गातल्या दहा-बारा जणांना तिच्याहून जास्त होते. त्यांनी दुसऱ्या कोणाच्या तरी नोट्स मिळवल्या होत्या. वायपर सरांनी तिचा पेपर परत देताना सांगितलं म्हणे, उत्तरं बरोबर आहेत, पण मांडणी सुधारा. ज्या माणसाचं लिहिलेलं कोणाला कधी वाचता आलं नाही त्यानं मांडणीवर बोलावं, यावर आम्ही दोघी खूप हसलो. पहिल्यांदाच एकत्र हसलो असू.

पुढे ती पदवीधर झाली, दुसऱ्या वर्गात. फार पुढे शिकावं एवढी कुवत नव्हती आणि तिला ते ठाऊक होतं. आता रंगाच्या कारखान्यात चाचणी विभागात आहे. पत्र्याच्या तुकड्यांवर रंग लावून ठेवतात, तो किती वेळात वाळतो ते दर पंधरा मिनिटांनी मोजायचं आणि तक्ता भरायचा. काम कंटाळवाणं आहे. तिच्या वरचा साहेब तक्त्यातला फक्त शेवटचा आकडा बघतो, ठरलेल्या वेळात वाळला की सही करतो.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. एका रंगाची वाळण्याची गती तिसऱ्या तासात एकदम मंदावते आणि मग पुन्हा वाढते, हे तिला आलेख काढल्यावर दिसलं होतं. वरची साय आधी धरते आणि आत ओलं राहतं, असं तिचं म्हणणं. साहेब म्हणाला, शेवटी वाळतोय ना, मग झालं. तिनं त्याला चार लोकांसमोर सुनावलं की तुम्ही आकडा बघता, आकडा कसा हलतोय ते बघत नाही, आणि तेवढंही कळत नसेल तर ती सही शिक्का मारूनही भागेल.

मी तिला म्हटलं की तुझं बरोबर असेल, पण असं बोलून कोणी ऐकत नाही; जरा सबुरीनं घे, तक्ता त्याच्यासमोर ठेव, त्याला स्वतःला बघू दे.

"तू मला असं शिकवलं नाहीस," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.